जुना झिऑन की नवा आय५: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या मालाच्या ऑनलाइन याद्यांमध्ये एक प्रोसेसर सध्या हमखास भेटतो: इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४. १४ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), २८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), ३५ एमबी कॅश. २०१६ साली तो आला तेव्हा इंटेलच्या यादीत त्याची किंमत १,७४५ डॉलर होती. आता डेटा सेंटरमधून निवृत्त झालेल्या सर्व्हरांतून तो सुटा निघतो आणि एखाद्या बऱ्या कीबोर्डच्या भावात हातात पडतो. शेजारच्या दुकानात सीलबंद डब्यात कोअर आय५-१२४०० असतो. ६ कोअर, १२ थ्रेड, आणि किंमत कितीतरी पट. साहजिकच मनात येतं, १४ कोअर सोडून ६ कोअरना जास्त पैसे मोजायला आपण काय येडे आहोत?

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. घरात किंवा ऑफिसात टेबलावर वापरायचं मशीन असेल तर आय५ घ्या, डोकं शिणवू नका. झिऑन घ्यायची कारणं तीनच: ६४ जीबीच्या वर रॅम हवी आहे, पीसीआयईच्या (बोर्डावर कार्डं लावायच्या) चार-पाच खाचा भरायच्या आहेत, किंवा बरीच व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक) एकाच डब्यात चालवायची आहेत. आणि यांपैकी काही असलं तरी सुटा झिऑन आणि चिनी मदरबोर्ड असा जुगाड करण्याआधी जुनं ब्रँडेड वर्कस्टेशन पाहा. का, ते खाली येईलच.

आधी कोअरचा हिशोब. ई५-२६८० व्ही४ चा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. एक-दोन कोअर कामात असले तर तो ३.३ पर्यंत चढतो आणि चौदाच्या चौदा राबायला लागले की २.९ वर येऊन थांबतो. एव्हीएक्स२ च्या (एका झटक्यात बरेच आकडे हाताळणाऱ्या) जड सूचना आल्या की आणखी खाली. आय५-१२४०० चा टर्बो ४.४ गिगाहर्ट्झ. पण फरक नुसत्या गिगाहर्ट्झचा नाही. झिऑनमधला ब्रॉडवेल हा गाभा आणि आय५ मधला गोल्डन कोव्ह यांच्यात पाच-सहा वर्षांचं अंतर आहे. त्याच एका टिकटिकीत नवा गाभा कितीतरी जास्त काम उरकतो. दोन्ही मिळून परिणाम असा की एकेकटा कोअर लढवला तर आय५ जवळजवळ दुपटीने पुढे असतो. सगळे कोअर मिळून रेंडरिंग करायला लावलं तर दोघे साधारण बरोबरीत येतात. म्हणजे चौदा जुने पैलवान आणि सहा नवे पैलवान मिळून तेवढंच ओझं उचलतात. फक्त एकच पोतं उचलायचं असेल तेव्हा जुन्याला दुप्पट वेळ लागतो.

आणि आपल्या रोजच्या कामातली बहुतेक पोती एकेकटी असतात. टॅलीचा रिपोर्ट, कोरलड्रॉतली मोठी फाइल, फोटोशॉपचे बरेचसे फिल्टर, ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग सरकवणं, ब्राउझरमध्ये पान उघडणं ही सगळी एका-दोन थ्रेडवर चालणारी कामं. डीटीपीवाल्याने २८ थ्रेड आहेत म्हणून झिऑन घेतला तर टास्क मॅनेजरमध्ये सव्वीस चौकोन रिकामे दिसतात आणि पान तेवढंच रेंगाळतं. उलट ब्लेंडरचं रेंडर, मोठ्या सॉफ्टवेअरचं कंपाइल, सॉफ्टवेअरने केलेलं एच.२६५ एन्कोडिंग ही खऱ्या अर्थाने सगळे कोअर खाणारी कामं. तिथेही झिऑन आय५ ला मागे टाकत नाही, जेमतेम गाठतो. गेमिंगबद्दल एकच वाक्य: ग्राफिक्स कार्ड मधल्या दर्जाचं असलं तरी झिऑन त्याला मागे खेचतो, घेऊ नका.

मग झिऑनमध्ये आहे तरी काय? रॅम आणि लेन, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डं यांच्यातल्या माहितीच्या वाटा.

रॅमचं आधी. या झिऑनला मेमरीचे चार चॅनल आहेत, डीडीआर४-२४०० वेगाने. एका चॅनलवरून एका वेळी ८ बाइट जातात, म्हणजे ४ गुणिले २४०० गुणिले ८: सेकंदाला ७६.८ जीबी. आय५-१२४०० ला दोन चॅनल. त्यात डीडीआर४-३२०० लावली तर ५१.२ जीबी, डीडीआर५-४८०० लावली तर थेट ७६.८. म्हणजे चार चॅनलचा जो गाजावाजा असतो, तो डीडीआर५ च्या दोन काड्यांनी फेडून टाकला आहे. आता उलट बाजू पाहा. झिऑनच्या बोर्डात दोनच काड्या बसवल्या तर बँडविड्थ ३८.४ वर येते, साध्या डीडीआर४ आय५ पेक्षाही कमी. ‘३२ जीबीची एकच काडी टाकतो, बाकीच्या नंतर’ असं दुकानदाराने सुचवलं की नम्रपणे नाही म्हणा. एक काडी म्हणजे १९.२, चौदा कोअरना एका नळाचं पाणी. ८ जीबीच्या चार घ्या, १६ जीबीच्या चार घ्या, पण चार घ्या. संगणकावरच भाषा-मॉडेल चालवायचा नाद ज्यांना लागला आहे त्यांनी तर हेच गणित पाहावं: शब्द किती वेगाने बाहेर पडतील हे कोअरपेक्षा मेमरीच्या वेगावर ठरतं. ८ जीबीचं मॉडेल असेल तर ७६.८ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ९.६ टोकन (शब्दांचे तुकडे) ही कागदावरची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळणार.

क्षमतेत मात्र झिऑन खरोखर मोठा आहे. इंटेलच्या कागदावर तो दीड टीबी रॅम पेलतो. आठ खाचांच्या बोर्डावर ३२ जीबीच्या आठ काड्या लावून २५६ जीबी करणं यात काही विशेष नाही. आय५ कडे डीडीआर४ च्या चार खाचांत १२८ जीबी, आणि स्वस्त एच६१० बोर्ड घेतला असेल तर खाचाच दोन, म्हणजे ६४ जीबीवर गाडी थांबली.

पण रॅम कुठली हे पाहून घ्या, कारण फसगत इथेच होते. सर्व्हरमधून निघणारी रॅम ही रजिस्टर्ड (मधे रजिस्टर नावाची चिप असलेली) ईसीसी (चूक दुरुस्त करणारी) असते. डीडीआर४ मध्ये ती साध्या डेस्कटॉपच्या खाचेत बसते, पण मशीन चालू होत नाही. पंखे फिरतात, पडदा काळा. (डीडीआर५ मध्ये खाचेची जागाच वेगळी केली आहे, त्यामुळे ती बसतच नाही. उशिरा सुचलेलं शहाणपण.) काडीवरचं लेबल वाचायला शिका. त्यावर ‘२आरएक्स४ पीसी४-२४००टी-आरए१’ असं काहीसं छापलेलं असतं. २आर म्हणजे दोन रँक (चिपांचे गट), एक्स४ म्हणजे प्रत्येक चिप चार बिटची, २४०० हा वेग. त्यापुढच्या डॅशनंतरचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. आर असेल तर रजिस्टर्ड, एल असेल तर लोड-रिड्यूस्ड, ई असेल तर बिनबफरची ईसीसी, यू असेल तर साधी डेस्कटॉपची. लेबल खरवडलेलं असेल तर चिपा मोजा. ईसीसी काडीवर ६४ ऐवजी ७२ बिट असतात. दोन रँक आणि चार-बिट चिपा म्हणजे ३६ चिपा, आणि मधोमध एक वेगळीच चौकोनी चिप: ती रजिस्टर. साध्या काडीवर एका बाजूला आठ चिपा दिसतात. नऊ दिसल्या तर समजा ईसीसी आहे. आर आणि एल एकत्र चालत नाहीत, आर आणि यू तर नाहीच नाही.

एकेकाळी ही सर्व्हरची जुनी रॅम पडेल भावात मिळायची आणि झिऑनचं सगळं अर्थशास्त्र त्यावर उभं होतं. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव सगळीकडेच चढले आणि जुनी रॅमही त्यातून सुटली नाही. त्यामुळे आज चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. प्रोसेसरची किंमत विचारूच नका. आधी रॅमचा आणि बोर्डाचा भाव विचारा.

ईसीसीबद्दल लोकांत दोन टोकं असतात. काहींना ती जादूची वाटते, काहींना थोतांड. ती एका शब्दातला एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त करते आणि दोन चुकले तर निदान बोंब मारते. वर्षभर न थांबता चालणारी फाइल साठवण, हिशोबाचा डेटाबेस, इस्पितळातली नोंद अशा ठिकाणी तिला किंमत आहे. वीज गेल्यावर ती काही करू शकत नाही, त्यासाठी यूपीएस लागतो. आणि ईसीसीसाठी झिऑनच घ्यावा लागतो असंही नाही. एएमडीचा रायझन ५ ५६०० हा एएम४ सॉकेटच्या बऱ्याच बोर्डांवर बिनबफरची ईसीसी रॅम चालवतो. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर तसं लिहिलं आहे का तेवढं पाहायचं. नावात जी असलेले ५६००जी सारखे प्रोसेसर मात्र ईसीसी घेत नाहीत, त्यासाठी त्यांची प्रो आवृत्ती लागते.

आता लेन. झिऑनकडे पीसीआयई ३.० च्या ४० लेन आहेत. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून एक डबा भरून पाहू. डिस्कांसाठी एलएसआय ९२११-८आय हे एचबीए कार्ड: ८ लेन. १० गिगाबिट नेटवर्कसाठी इंटेल एक्स५२०: ८. ग्राफिक्स कार्ड: १६. दोन एनव्हीएमई एसएसडी: ४ अधिक ४. झाल्या चाळीस, आणि प्रत्येकाला पूर्ण पानात वाढलं. आय५ कडे प्रोसेसरमधून थेट निघणाऱ्या लेन २०: १६ आणि ४. त्या पाचव्या आणि चौथ्या पिढीच्या, म्हणजे फार वेगवान, पण वर सांगितलेलं एचबीए आणि नेटवर्क कार्ड दोन्ही दुसऱ्या पिढीची. त्यांना वेगवान लेन दिली तरी ती आपल्याच चालीने चालणार. त्यांना हवी असते रुंदी. स्वस्त डेस्कटॉप बोर्डावर एक लांब खाच असते आणि बाकीच्या एक लेनच्या. तिथे एचबीए लावलं की ग्राफिक्स कार्डाने कुठे बसायचं हा प्रश्न पडतो. एका सोळाच्या खाचेचे चार-चार लेनचे चार तुकडे करून चार एनव्हीएमई लावणं झिऑन बोर्डावर सहज जमतं, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आयआयओ कॉन्फिगरेशन नावाच्या पानावर ती सोय असते.

बोर्ड: घोडं इथंच पेंड खातं

सुटा झिऑन घेणारे बहुतेक जण त्यासोबत एक्स९९ नावाने विकला जाणारा चिनी बोर्ड घेतात. हुआनानझी, मशिनिस्ट, जिंगशा अशी नावं दिसतील. भारतात अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे हे बोर्ड आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांमार्फत येतात आणि हमी बहुधा तोंडी असते, सात दिवसांची ‘चेकिंग वॉरंटी’. बोर्ड वाईटच असतात असं नाही. काही अगदी दणकट निघतात. पण डब्यावर एक्स९९ लिहिलं म्हणून आत एक्स९९ चिपसेट असेलच असं नाही. अनेकांवर जुन्या ऑफिस-संगणकांतून काढलेले क्यू८७ किंवा बी८५ चिपसेट लावलेले असतात. त्याने प्रोसेसरचं काही अडत नाही, कारण मेमरी आणि मुख्य लेन प्रोसेसरमधूनच निघतात, पण साटाचे आणि यूएसबीचे पोर्ट कमी होतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे खाचांची मांडणी. चार खाचा दिसल्या म्हणजे चार चॅनल असं धरू नका. काही बोर्डांवर चार खाचा दोनच चॅनलवर जोडलेल्या असतात, आणि दोन खाचांच्या लहान बोर्डावर तर प्रश्नच नाही. एआयडीए६४ या तपासणीच्या सॉफ्टवेअरची मेमरी रीड चाचणी लावा. चार चॅनल खरे असतील तर आकडा साठ हजार एमबीच्या आसपास किंवा वर जातो. पस्तीस हजारांच्या आसपास घुटमळला तर दोनच चॅनल चालू आहेत. मग झिऑन घेण्याचं अर्धं कारण तिथेच संपलं.

दुसरी गोष्ट, प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम. १२० वॉटचा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालवायचा तर या भागावर जाड हीटसिंक आणि त्यावरून वाहणारी हवा लागते. स्वस्त बोर्डावर हीटसिंक म्हणजे शोभेचा पत्रा असतो. लक्षण ओळखायला सोपं: रेंडर सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं २.९ गिगाहर्ट्झ, आणि मग अचानक १.२. प्रोसेसरचं तापमान मात्र साठ अंश. म्हणजे तापलाय तो प्रोसेसर नाही, व्हीआरएम. कूलर बदलून काही होणार नाही. एक ८० मिमीचा पंखा व्हीआरएमवर रोखून लावा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. टॉवर कूलरऐवजी पाण्याचा कूलर लावणारे इथे हटकून फसतात, कारण सॉकेटच्या आसपास हवाच फिरत नाही.

स्लीप अनेक चिनी बोर्डांवर नीट चालत नाही: झोपतं, उठत नाही. पंख्याचा वेग बायोसमधून नीट आवरत नाही. बायोसचं अधिकृत अपडेट मिळत नाही, मिळतं ते हौशी लोकांनी बदललेलं. आणि सुरू व्हायला वेळ लागतो. रॅम भरपूर असेल तर लोगो दिसेपर्यंत मिनिटभर. सर्व्हर वर्षातून दोनदा सुरू करायचा असतो, त्याला चालतं. रोज सकाळी दुकान उघडून बिल फाडायचं असेल तर नाही चालत.

कूलर घेतानाही एक पाचर आहे. एलजीए २०११-३ सॉकेटच्या चौकटीतच एम४ आट्यांची चार भोकं असतात, मागून प्लेट लावायची नसते. एलजीए ११५५ किंवा १२०० चा दाबून बसवायचा कूलर इथे बसत नाही. चौकटही दोन प्रकारची: चौरस, ८० बाय ८० मिमी, आणि अरुंद, ५६ बाय ९४ मिमी. चिनी एक्स९९ बोर्ड सहसा चौरस. खऱ्या सर्व्हर बोर्डांवर अरुंद बऱ्याचदा आढळते. मोजून घ्या, मगच कूलर मागवा.

एवढं सगळं करण्याऐवजी एचपी झेड४४०, डेल प्रिसिजन टी५८१० किंवा लेनोवो थिंकस्टेशन पी५१० यांपैकी एखादं वर्कस्टेशन पाहा. तिन्हींत हाच सॉकेट, रॅमच्या आठ खाचा, खरे चार चॅनल, खात्रीचा व्हीआरएम, आणि कंपनीचा बायोस. कंपन्यांच्या लीज संपल्या की ही यंत्रं गठ्ठ्याने बाहेर पडतात. स्लीप चालतं, आवाज कमी. आत आधी व्ही३ पिढीचा झिऑन असेल तर व्ही४ टाकण्यापूर्वी, जुन्याच प्रोसेसरवर बायोस अपडेट करून घ्या. उलट क्रमाने केलं तर काळा पडदा. यांचा दोष असा की पॉवर सप्लाय, पंख्याचे कनेक्टर, बोर्डाचा आकार सगळं त्या-त्या कंपनीचं खास. पॉवर सप्लाय गेला तर रस्त्यावरच्या दुकानातला लागत नाही, तोच शोधावा लागतो. झेड४४० वर एम.२ खाचही नाही, एनव्हीएमई पीसीआयई अ‍ॅडाप्टरवर लावावी लागते. तरीही दगडापेक्षा वीट मऊ.

आणि मशीन कोपऱ्यात ठेवून दुसऱ्या गावाहून चालवायचं असेल तर सुपरमायक्रो एक्स१०एसआरएल-एफ सारखा खरा सर्व्हर बोर्ड. त्यावर आयपीएमआय असतं: वेगळ्या नेटवर्क पोर्टवरून मशीन बंद-चालू करता येतं, बायोससुद्धा ब्राउझरमध्ये दिसतो. पुण्यात बसून नाशिकच्या ऑफिसातला हँग झालेला सर्व्हर उठवणं यालाच म्हणतात. आय५ च्या घरगुती बोर्डावर ही सोय नसते.

विजेचं बिल

झिऑन हा हत्ती आहे, आणि हत्ती नुसता उभा असला तरी चारा खातो. या प्लॅटफॉर्मचं मशीन, पडद्यासाठी लागणारं लहान ग्राफिक्स कार्ड धरून, काहीच काम नसताना साधारण ६० ते ८० वॉट घेतं. आय५-१२४०० आपल्याच आतल्या ग्राफिक्सवर २५ ते ३५ मध्ये भागवतो. फरक ४० वॉट धरा. चोवीस तास, वर्षभर: ३५० युनिट. युनिटला सरासरी १० रुपये धरले तर वर्षाला साडेतीन हजार रुपये. प्रोसेसर स्वस्तात मिळाल्याचा आनंद पहिल्याच वर्षात विरला. रोज आठ तास, वर्षात तीनशे दिवस वापरलं तर ९६ युनिट, म्हणजे हजाराच्या आत, ते सोसवतं. महावितरणच्या घरगुती दरांत १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० असे टप्पे आहेत. चोवीस तास चालणारं ७० वॉटचं यंत्र महिन्याला ५० युनिट खातं, त्यामुळे जे घर आधीच २७० च्या आसपास आहे ते या एका डब्यामुळे वरच्या टप्प्यात जातं, हेही ध्यानात ठेवा.

झिऑनमध्ये ग्राफिक्स अजिबात नाही, हे विसरून बोर्ड-प्रोसेसर घरी नेणारे आणि मॉनिटरची केबल लावायला जागा शोधणारे कमी नाहीत. जीटी ७१० सारखं १९ वॉटचं कार्ड पडद्यापुरतं पुरे. आय५ घेतानाही शेवटी एफ अक्षर असेल तर हीच गत. काही पैसे वाचवायला १२४००एफ घेऊ नका. १२४०० मधला यूएचडी ७३० हा व्हिडिओ एन्कोड-डिकोड हार्डवेअरमध्ये करतो. घरगुती व्हिडिओ सर्व्हरला चौदा कोअरपेक्षा याचा उपयोग जास्त. एका सिनेमाच्या रूपांतराला झिऑनचे सगळे कोअर घामाघूम होतात, तेच काम हा काही वॉटमध्ये करतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ब्रॉडवेल नाही. पळवाटांनी ते बसतं, पण ऑफिसच्या मशीनवर पळवाट नको, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स आणि प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) व्ही३, व्ही४ वर निवांत चालतात. त्याहून जुने व्ही१, व्ही२, म्हणजे एक्स७९ बोर्डावरचे, फुकट मिळाले तरी सोडा: त्यांत एव्हीएक्स२ नाही, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० सारख्या नव्या आवृत्त्यांना ज्या पातळीचा प्रोसेसर लागतो तीत ते बसत नाहीत. ब्रॉडवेलला २०१८ साली उघड झालेल्या मेल्टडाउन या सुरक्षेतल्या दोषाचा त्रास आहे, त्यावरची सॉफ्टवेअरची मलमपट्टी डिस्क-नेटवर्कच्या कामात थोडा वेग खाते. ती बंद करायचे सल्ले मिळतील. एकाच यंत्रावर दुसऱ्यांची व्हर्च्युअल मशीन असतील तर तो सल्ला मानू नका.

व्हर्च्युअल मशीनसाठी आय५ घेताना १२४०० ची एक गोष्ट मला आवडते: सहाही कोअर एकाच प्रकारचे. १३४०० आणि १४४०० मध्ये सहा मोठे, चार लहान अशी सरमिसळ आहे. नुसत्या डेस्कटॉपला ती चालते, पण व्हर्च्युअल मशीनला कोअर नेमून देताना कुठला लहान कुठला मोठा हे पाहत बसावं लागतं.

ज्यांना नवं, हमीचं आणि ईसीसीवालं हवं आहे त्यांच्यासाठी सर्व्हर आणि डेस्कटॉपमधली भिंत आता पातळ झाली आहे. एएमडीचे एपिक ४००४ हे मे २०२४ मध्ये आलेले प्रोसेसर एएम५ या डेस्कटॉपच्याच सॉकेटात बसतात. आत रायझन ७००० चाच ऐवज. इंटेलचा झिऑन ई-२४०० तसाच एलजीए १७०० मध्ये. दोन चॅनल, बिनबफरची डीडीआर५ ईसीसी. पाच-दहा जणांच्या ऑफिसच्या फाइल सर्व्हरला हे नेमकं माप आहे. मोठे जुने एपिक सुटे घेताना मात्र सावध: काही सर्व्हर कंपन्या प्रोसेसरला आपल्या बोर्डाशी कायमचं कुलूप लावतात. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात तो प्रोसेसर उठत नाही, आणि ते कुलूप काढता येत नाही.

आता सगळं ऐकूनही झिऑनच घ्यायचा ठरला, तर चेकिंग वॉरंटीच्या सात दिवसांत एवढं उरकून घ्या. प्रोसेसरच्या टोपीवर एसआर२एन७ हा कोड हवा. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ किंवा क्यूपासून सुरू होणारा कोड दिसला तर तो चाचणीचा नमुना, परत द्या. पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटात असतात. टॉर्च तिरकी धरून पाहा, ओळीतली एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकलेली. अशा एका पिनेमुळे अख्खा मेमरी चॅनल गायब होतो. चॅनल गायब होण्याचं दुसरं कारण कूलरचे स्क्रू एका बाजूने आधी आवळणं: आळीपाळीने, कोपरा-समोरचा कोपरा असे थोडे थोडे आवळा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी न तपासता बदलून टाका. पहिल्यांदा एकाच काडीवर सुरू करा, मग एकेक वाढवा, म्हणजे दोष काडीचा की खाचेचा ते कळेल. चारही लागल्यावर मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी रात्रभर. ६४ जीबीला एक फेरी व्हायला काही तास लागतात. सकाळी सगळे कोअर अर्धा तास राबवून वेग २.९ वर टिकतो का पाहा. मेमटेस्टमध्ये एकही लाल ओळ आली तर आधी त्या काडीचे सोनेरी दात खोडरबरने पुसून, दुसऱ्या खाचेत लावून पुन्हा चालवा. चूक काडीबरोबर सरकली तर काडी बदलून मागा. खाचेतच राहिली तर बोर्ड परत करा, आणि तो सात दिवसांच्या आत करा.